व्हिडिओ कुणी पाहत नाही, तर मूडलवर ठेवायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या एका खासगी महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापिका लिहितात की, कॉलेजने मूडल (ऑनलाइन वर्ग चालवण्याचं सॉफ्टवेअर) घेतलं, वर्गात स्मार्ट बोर्ड लावला, त्यांनी पाऊण-पाऊण तासाची व्याख्यानं रेकॉर्ड करून चढवली. पण सव्वाशे मुलांपैकी मोजकीच ती उघडतात आणि उघडली तरी पुढे पळवतात. आता आणखी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? स्वयम या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स मुलांना द्यावेत का? आणि गृहपाठ एआयकडून लिहून येतो, त्याचं काय करावं?

नवं सॉफ्टवेअर घेऊ नका. आहे त्या मूडलमध्ये तुम्हाला लागणारं जवळजवळ सगळं आहे. अडचण अशी की आत्ता सगळा माल तुमच्याकडून मुलांकडे जातोय. मुलांना काय समजलं आणि कुठे अडलं हे तुम्हाला थेट परीक्षेचे पेपर तपासताना कळतंय, आणि तोवर सत्र संपलेलं असतं. म्हणून यंत्राला पहिलं काम द्यायचं ते मुलांचं म्हणणं तुमच्यापर्यंत आणण्याचं. व्याख्यान पोहोचवणं हे त्याच्या मागचं काम. मी इंदुरातच बरीच वर्षं पदवीच्या वर्गांना शिकवलं, आता प्राध्यापकांचे प्रशिक्षणवर्ग घेते, आणि दोन्हीकडे हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आपल्या भागाला हा अनुभव नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम थेट दाखवले गेले. मध्य प्रदेश त्या सहांत होता. कार्यक्रम वरून यायचे, पण गावातल्या माणसाला उलट विचारायची सोय त्यात नव्हती. पुढे १९९६ मध्ये इस्रोने आपल्या शेजारच्या झाबुआ जिल्ह्यात काम सुरू केलं, तेव्हा १५० गावांत टीव्ही संच तर लावलेच, शिवाय १२ विकासखंडांच्या ठिकाणी उलट बोलण्याची यंत्रणाही बसवली. (अलिराजपूर तेव्हा झाबुआतच होतं.) तिथे जमलेली माणसं प्रश्न विचारायची आणि अहमदाबादच्या स्टुडिओतला जाणकार उत्तर द्यायचा. वीस वर्षांत उपग्रह सुधारले, संच सुधारले, पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही उलट दिशा. तुमच्या मूडलमध्ये ती आयती आहे आणि आपण तिचा उपयोग पीडीएफ ठेवायला करतो आहोत.

व्हिडिओंचं आधी उरकून टाकू. २०१४ मध्ये गुओ, किम आणि रुबिन या संशोधकांनी एडेक्स या ऑनलाइन मंचावरच्या कोर्सांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची नोंद तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते, आणि स्टुडिओतल्या महागड्या चित्रणापेक्षा शिक्षकाने आपल्या टेबलाशी बसून साधेपणाने केलेला व्हिडिओ जास्त पाहिला जात होता; नुसत्या स्लाइडपेक्षा लिहीत-लिहीत समजावलेलाही. तेव्हा पाऊण तासाचं रेकॉर्डिंग कापून त्याचे तुकडे करण्यात वेळ घालवू नका. वर्गातलं बोलणं कापून चांगला व्हिडिओ क्वचितच होतो. एका संकल्पनेला एक, पाच-सहा मिनिटांचा, कागदावर पेनाने उदाहरण सोडवताना फोनने घेतलेला, एवढं पुरे. पैसे खर्चायचेच असतील तर कॉलरला लावायच्या माइकवर खर्चा. चित्र धूसर असलं तरी मुलं सहन करतात, आवाज घुमला की बंद करतात.

आणि डेटाचा विचार करा. तुमच्या वर्गात भंवरकुआँला खोली घेऊन राहणारी मुलं असतील, तशी देवास, महू, सांवेरहून रोज ये-जा करणारीही असतील. घरी एक फोन आणि तो वापरणारी भावंडं तीन, हेही असतंच. ६४ केबीपीएसवर घेतलेला दहा मिनिटांचा आवाज पाच एमबीच्याही आत बसतो. तो आणि सोबत दोन पानांची टिपणं दिली तर बसमध्ये उभ्या मुलाचंही काम होतं. टिपणं मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप केलेली हवीत. आपल्याकडे अजून कितीतरी विभागांत हिंदी नोट्स कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या वर्डमधून तशाच चढवल्या की मुलाच्या फोनवर निरर्थक अक्षरं दिसतात. पीडीएफ केली तर दिसते बरी, पण त्यात शब्द शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचं वाचक-सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही. एकदा बसून सगळं युनिकोडमध्ये उतरवून घ्या. किचकट काम आहे, पण एकदाच करायचं आहे.

आता मुख्य काम. दर आठवड्याला वर्गाच्या आधी एक छोटी प्रश्नमंजूषा, पाच-सहा प्रश्नांची. ती चार दिवस उघडी ठेवा, वेळेचं बंधन लावू नका, आणि तुमचा तास मंगळवारी सकाळी असेल तर सोमवारी संध्याकाळी बंद करा. रात्री अर्धा तास उत्तरं वाचा आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्यावर उभा करा. अमेरिकेत ग्रेगर नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात भौतिकशास्त्राच्या वर्गांसाठी ही पद्धत बसवली. 'जस्ट इन टाइम टीचिंग' म्हणतात तिला. साधं वेबपेज तेव्हाही पुरत होतं.

सगळी मदार प्रश्नावर आहे. 'मध्यकाची व्याख्या कोणती?' असा प्रश्न (मध्यक म्हणजे क्रमाने मांडलेल्या आकड्यांतला मधला) घातलात तर मुलं गाइड उघडून उत्तर देतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. त्याऐवजी असं विचारा: पीथमपूरच्या एका कारखान्यात ४१ जण काम करतात. सगळ्यात जास्त पगार जनरल मॅनेजरचा आहे. फक्त त्यांचा पगार दुप्पट झाला, बाकी कुणाचा बदलला नाही. आता काय होईल? (अ) सरासरी आणि मध्यक दोन्ही वाढतील. (ब) सरासरी वाढेल, मध्यक तोच राहील. (क) सरासरी दुप्पट होईल. (ड) मध्यक वाढेल, सरासरी तीच राहील.

बरोबर उत्तर ब. पण तुमच्या कामाची आहेत ती चुकलेली तीन. 'ड' निवडणाऱ्याला बहुधा कल्पना कळलेली असते, नावांची अदलाबदल झालेली असते; त्याला एका वाक्याची गरज आहे. 'क' निवडणारा एका माणसाच्या बदलाला सगळ्यांचा बदल समजतोय. त्याला बेरीज आणि भागाकार करून दाखवावा लागेल. 'अ' निवडणाऱ्याच्या मनात सरासरी आणि मध्यक ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, आणि अशी मुलं पन्नास निघाली तर उद्याचा तास तिथूनच सुरू व्हायला हवा, अभ्यासक्रम पुढे गेलेला असला तरी.

मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय लिहिता येतो आणि तो भाग बहुतेक जण रिकामा सोडतात. कृपा करून सोडू नका. 'अ'पुढे 'चूक, बरोबर उत्तर ब' असं लिहू नका. लिहा: 'सगळे ४१ पगार चढत्या क्रमाने लिहिले असं समजा. एकविसाव्या जागी कोण आहे? जनरल मॅनेजरचा पगार वाढल्यावर त्या जागेवरचा माणूस बदलला का?' मग प्रश्नमंजूषेच्या सेटिंगमध्ये एकापेक्षा जास्त प्रयत्नांची मुभा द्या, म्हणजे मूल हे वाचून पुन्हा विचार करील. रात्री अकरा वाजता खोलीत एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलाला तुमचं हे एक वाक्य मिळणं, यापेक्षा चांगला उपयोग या यंत्राचा मला ठाऊक नाही.

शेवटचा प्रश्न नेहमी मोकळा ठेवा: 'या भागातली कोणती ओळ किंवा पायरी अडली? तीच लिहा.' 'काही शंका?' असं विचारलं की 'नो मॅम' येतं. ओळ मागितली की ओळ येते.

गणिती सरावासाठी 'कॅल्क्युलेटेड' हा प्रश्नप्रकार वापरा. तुम्ही सूत्र एकदा द्यायचं. प्रत्येक मुलाला आकडे वेगळे येतात. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर उत्तर फिरवून उपयोग होत नाही, पद्धत समजावून सांगावी लागते, आणि ती मुलांनी एकमेकांना सांगितली तर आपल्याला हवंच आहे. इंटरनेट तुटक असणाऱ्यांसाठी मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमधून ऑफलाइन सोडवण्याची परवानगी देणारं सेटिंग आहे. कॉलेजच्या वाय-फायवर उतरवायचं, गावी सोडवायचं, परत आल्यावर जोडायचं. तुमच्या अ‍ॅडमिनला ते चालू करायला सांगा.

गुण द्यायचे की नाही? द्या, पण थोडे. अंतर्गत मूल्यमापनातला लहान हिस्सा, आणि तोही दहांपैकी उत्तम आठ धरून, म्हणजे एखादा आठवडा आजारपणात किंवा गावाकडच्या सोयाबीनच्या काढणीत गेला तरी मूल धसका घेत नाही. गुण जास्त ठेवलेत की नक्कल सुरू होते आणि उत्तरांतून मिळणारी माहिती खोटी होते.

ही प्रश्नमंजूषा नुसती तुम्हाला माहिती देते असंही नाही. ती सोडवण्यानेच मुलं शिकतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर पारडं फिरलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा पुन्हा नोट्स वाचून 'सगळं येतंय' असं वाटणारी आणि पेपरात कोरी होणारी मुलं आपण दरवर्षी पाहतो, त्याची उकल इथे आहे.

महिन्यातून एकदा मूडलचा प्रश्नमंजूषेचा सांख्यिकी अहवाल उघडा; संख्याशास्त्र शिकवणाऱ्याला तो वाचायला आनंद वाटेल. प्रत्येक प्रश्नापुढे सुलभतेचा निर्देशांक असतो, म्हणजे किती टक्के गुण मिळाले. आणि भेददर्शक निर्देशांक असतो, म्हणजे एकूण चांगलं करणाऱ्यांनी हा प्रश्न चांगला सोडवला का. दुसरा आकडा ऋण आला तर बहुतेक वेळा उत्तरसूचीच चुकलेली असते किंवा वाक्याचे दोन अर्थ निघत असतात. तो प्रश्न लगेच दुरुस्त करा आणि मुलांचे गुणही.

वर्गात काय करायचं? आदल्या रात्री ज्या प्रश्नावर जास्त गोंधळ दिसला तो स्मार्ट बोर्डवर लावा. हार्वर्डचे एरिक माझूर १९९१ पासून जे करत आले तेच: आधी प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा मत द्यायचं. पहिलं मत छातीशी बोटं धरून घ्या, एक बोट म्हणजे अ, दोन म्हणजे ब, म्हणजे मागच्याला दिसत नाही. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तरच चर्चा करू द्या. त्याहून कमी असतील तर तुम्हालाच आधी समजवावं लागेल आणि जास्त असतील तर पुढे चला. दुसरं मत मोजण्यासाठी प्लिकर्सची कागदी कार्डं फार सोयीची आहेत. मुलांकडे फोन लागत नाही. ती कार्ड आपल्या उत्तराच्या बाजूने फिरवून धरतात आणि तुमचा एक फोन वर्गावरून फिरवला की मोजणी होते. मोठा संच ६३ कार्डांचा आहे. सव्वाशेच्या वर्गात दोघांत एक कार्ड द्या. चर्चेनंतर जोडीचं मिळून एकच उत्तर हवं म्हटलं की बोलणं आपोआप होतं. आणि या पाच मिनिटांत फळ्याजवळ उभं राहू नका, बाकांमधून फिरत ऐका. पंधरा वाक्यं कानावर पडली तरी पुढच्या तासाची तयारी होते.

एक सावध करून ठेवते. पहिल्या सत्रात तुमच्या फीडबॅक फॉर्मवर 'मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात' असं येईल. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी एकाच विषयाचा एक तास व्याख्यानाने आणि एक मुलांना सोडवायला लावून घेतला. सोडवणारी मुलं चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना समजल्यासारखं वाटतं. अडखळताना वाटत नाही. हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगा, आणि प्राचार्यांनाही, फीडबॅक येण्याआधी.

ऑनलाइन तास घ्यावाच लागला तर सव्वाशेंचा घेऊ नका, पंचवीसचे गट करा. प्रश्न विचारून सगळ्यांना चॅटमध्ये उत्तर टाइप करायला सांगा पण तुम्ही म्हणेपर्यंत पाठवायचं नाही. एकदम सगळी उत्तरं येऊन पडतात आणि हुशार मुलाची नक्कल होत नाही. कॅमेऱ्याचा आग्रह धरू नका. मागची खोली दाखवायची नसते कुणाला.

स्वयमबद्दल. जरूर द्या, पण नुसती लिंक देऊ नका. स्वयम ९ जुलै २०१७ ला सुरू झालं आणि २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार एका सत्रातल्या एखाद्या कार्यक्रमाच्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स त्यावरून घेता येतात. तुमच्या विद्यापीठाने कोणते मान्य केले आहेत ते आधी विभागात विचारा. आपल्या देवी अहिल्या विश्वविद्यालयातल्या ईएमआरसीत (शैक्षणिक व्हिडिओ बनवणाऱ्या केंद्रात) तयार झालेले कोर्सही तिथे आहेत. मुलांची नोंदणी धडाक्यात होते आणि तिसऱ्या आठवड्यापासून गळती लागते, हा जगभरच्या मुक्त ऑनलाइन कोर्सांचा अनुभव आहे. त्यावर मला चालताना दिसलेला उपाय एकच: वेळापत्रकात आठवड्याचा एक ठरलेला तास. संगणककक्षात दहा-बारा मुलं एकत्र बसून तो आठवडा पुरा करतात, आपसांत विचारतात, आणि तुम्ही तिथे असता. शिकवायचं नाही, फक्त असायचं. अंतिम परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची शेवटची तारीख मुलं हमखास चुकवतात, तेवढी मात्र तुम्ही वहीत लिहून ठेवा.

आता एआय. पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर कुणाचेही गुण कापू नका, हे मी अगदी कळवळून सांगते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात सॉफ्टवेअर तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्राने लिहिलेले ठरवले. हिंदी किंवा मराठी माध्यमातून आलेलं, मोजक्या शब्दांत साधं इंग्रजी लिहिणारं आपलं मूल नेमकं या जाळ्यात सापडतं. खोट्या आरोपाने खचलेलं मूल पुन्हा उभं करणं फार अवघड.

गृहपाठच बदला. संख्याशास्त्राला ते सोपं आहे, कारण आकडे गावात पडलेले आहेत. चोइथराम मंडीत जाऊन कांद्याच्या वीस ढेऱ्यांचे भाव स्वतः लिहून आणायला सांगा. तारीख, वेळ, आणि ढेरीचा दर्जा कसा होता तेही. मग अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावर त्याच दिवसाचे किमान, कमाल आणि मोडल (सर्वाधिक माल ज्या भावाने गेला तो) भाव पाहून आपल्या आकड्यांशी ताडून पाहायचे. सरकार सरासरी न देता मोडल भाव का देत असेल, यावर अर्धं पान. हे लिहायला कुणी एआयची मदत घेतली तरी चालेल, कशी घेतली ते खाली नमूद करायचं. मग प्रत्येकाला तीन मिनिटं समोर बसवून एकच विचारा: 'तुझ्या यादीतला हा भाव इतका वेगळा का?' जो मंडीत गेला तो सांगतो की तो माल ओला होता, किंवा उशिराचा होता. सव्वाशे मुलांना तीन-तीन मिनिटं म्हणजे सहा तासांच्या वर जातात, मान्य. म्हणून चार-चार मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला सहा मिनिटं द्या, म्हणजे सव्वातीन तासांत होतं. प्रश्न मात्र गटातल्या कुणालाही विचारता येईल असा ठेवा.

हे सगळं एका सत्रात बसवू नका. पहिल्या सत्रात फक्त आठवड्याची प्रश्नमंजूषा आणि त्यावर उभा केलेला तास. व्हिडिओ जुने तसेच राहू द्या, हवं त्याला बघू द्या. दुसऱ्या सत्रात मंडीचा गृहपाठ आणा. प्रश्न लिहिणं हेच सगळ्यात वेळखाऊ काम आहे, म्हणून दुसऱ्या कॉलेजात हाच पेपर शिकवणाऱ्या एक-दोघांना सोबत घ्या. प्रश्नसंच मूडलमधून फाइल म्हणून काढून दुसऱ्या मूडलमध्ये चढवता येतो. आणि सत्र संपल्यावर, पुढच्या बॅचसाठी अ‍ॅडमिन कोर्स रिकामा करायच्या आत, पूर्ण कोर्सचा बॅकअप उतरवून आपल्या पेनड्राइव्हवर ठेवा. तो घेताना 'वापरकर्त्यांची माहिती' या खुणेतला टिक काढा, म्हणजे मुलांचे गुण बाहेर फिरणार नाहीत आणि प्रश्न, अभिप्राय, सेटिंग सगळं तुमच्याकडे राहील.